प्लास्टिकच्या गिअरमधला गुलाल

मोटर फिरत होती आणि गाडी जागेवर होती.

कंपनीच्या ट्रेनिंग रूममधलं टेबल. त्यावर लाल, पिवळ्या, काळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची गाडी. लहान मुलं एकात एक अडकवून घरं आणि विमानं करतात, तेच हे ठोकळे. आमच्या खोक्यात त्यांच्याबरोबर मोटर, बॅटरी आणि गिअरही होते, एवढाच फरक. मनीषाने स्विच दाबला. मोटर बारीक आवाजात किंचाळली. चाकं थरथरली आणि थांबली.

"मॅडम, ही गाडी हाय का मिक्सर?" मनीषा म्हणाली. "नुसती कोकलतीय."

"किती गिअर लावलेस?"

"खोक्यात व्हते तेवढे समदे. तुमीच म्हणला ना, गिअरनं स्पीड वाढतो?"

म्हणाले होते. पुढचं अर्धं सांगायच्या आत मला मीटिंगला बोलावलं होतं. ते अर्धं असं: मोटरवर मोठा गिअर आणि चाकावर छोटा गिअर लावला, तर मोटरच्या एका फेरीत चाकाच्या बऱ्याच फेऱ्या होतात. वेग वाढतो. पण जितका वेग वाढतो तितकं बळ कमी होतं. उसाने भरलेली ट्रॉली टॉप गिअरमध्ये उचलायला गेलात तर ट्रॅक्टर गचका देऊन बंद पडतो. आमच्या गाडीचं तेच झालं होतं.

ट्रॅक्टरचं उदाहरण दिल्यावर मनीषाला लगेच कळलं. "मग आधी सांगायचं की," असं म्हणून तिने निम्मे गिअर काढून टाकले.

मी बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाइन विभाग सांभाळते. आम्ही शेतीच्या यंत्रांसाठी गिअरबॉक्स बनवतो. गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाचं फिरणं हव्या त्या वेगाने चाकापर्यंत किंवा पात्यापर्यंत पोचवणारी दातेरी चाकांची बंद पेटी. वीसेक वर्षं मी हेच करते. लोखंडाचा गिअर काय सहन करतो आणि काय नाही, हे मला ठाऊक आहे. प्लास्टिकचा गिअर मी त्या महिन्यात पहिल्यांदा हातात घेतला.

कारण होतं इथल्या कारखान्यांच्या संघटनेने भरवलेली स्पर्धा. बारामती आणि इंदापूर भागातल्या कंपन्यांनी प्रत्येकी एक टीम पाठवायची. टीममध्ये दोघंच, एक इंजिनिअर आणि एक शॉप फ्लोअरवरचा कामगार. सगळ्यांना ठोकळ्यांचं सारखंच खोकं. त्यातून मोटरवर चालणारी गाडी बनवायची आणि सरळ रेषेत पळवायची. दोन-दोन गाड्या सोडायच्या, मागे राहील ती बाद. खोक्याबाहेरचा एकही भाग वापरायचा नाही. गोंद लावायचा नाही. ग्रीस चालेल.

कल्पना वाईट नव्हती. वजन, वेग, घर्षण, सगळं हाताला कळतं. नवीन मुलांना मी ज्या गोष्टी फळ्यावर शिकवते त्या इथे टेबलावर दिसत होत्या.

कामगार म्हणून मी मनीषाचं नाव दिलं. विड्याच्या पानांच्या निमगाव केतकीची बाई. आमच्या असेंब्ली लाइनवर, म्हणजे गिअरबॉक्सचे सुटे भाग जोडतात त्या ओळीत, ती बरीच वर्षं होती. कंपनीच्या पटावर मात्र नव्हती. ती ठेकेदाराची कामगार. दर वर्षी मध्ये खाडा दाखवायचा, मग नवीन कार्ड, मग पुन्हा तीच जागा आणि तोच पाना. हात वेगवान, तोंड त्याहून. तिला काही पटलं नाही तर ती कुणाचंही ऐकत नसे, माझंही नाही. मला तसंच माणूस हवं होतं. मान डोलावणारी माणसं डिझाइनच्या कामाची नसतात.

त्याच सुमारास ठेकेदार बदलणार अशी बातमी होती. नवा ठेकेदार आपली माणसं आणणार हे सगळ्यांना माहीत होतं. मनीषाने बारामतीत एक खोली भाड्याने घेतली होती. मुलगी तिथल्या शाळेत नववीला. नवरा गावी, सासू गावी. सासूचं म्हणणं असं की पोरीला एवढं शिकवून काय करायचंय, पानमळ्यात हात कमी पडतायत. मनीषाची नोकरी होती तोवर ती खोली होती, आणि खोली होती तोवर मुलीची शाळा. हे तिने मला रडून वगैरे सांगितलं नाही. गिअर पुसता पुसता सांगितलं.

आमचे प्लांट हेड पाटणकर साहेब. खेळीमेळीने वागायची सवय. एके दिवशी कँटीनमध्ये ते आमच्या टेबलाशी आले.

"काय मनीषाबाई, पळतेय का गाडी?"

"पळंल की सर. पळवून दावल्यावर काय देनार?"

आजूबाजूचे हसले. पाटणकरांनाही हसू आलं. "काय पाहिजे?"

"ट्रेनिंग सेलमधी टेक्निशियनची जागा मोकळी हाय. पर्मनंट. मला द्या."

हसणं थांबलं. जागा होती. नव्या मुलांना असेंब्ली शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते काम तशीही मनीषाच करत होती. पाटणकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती लायक आहे, सर. स्पर्धेशिवायही लायक आहे."

"अहो, पण काहीतरी निमित्त हवं ना वर सांगायला," ते म्हणाले. मग सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं बोलले, "पहिल्या आलात तर पर्मनंट! माझा शब्द!"

टाळ्या पडल्या. मनीषाने डबा बंद केला आणि मला म्हणाली, "चला मॅडम, गाडी उघडायचीय."

दुसरी गाडी पळाली. ट्रेनिंग रूमच्या अर्ध्यापर्यंत पळाली आणि तिचे तुकडे झाले. ठोकळे एकमेकांवर नुसते दाबून बसवलेले असतात. वेगाने जाताना जी थरथर होते तिने ते सुटत जातात. त्यावर उपाय म्हणजे आडव्या थरांना उभ्या पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी आवळणं. लाकडी पेटीला कोपऱ्यावर पट्टी मारतात तसं. आम्ही सांगाडा नव्याने बांधला.

तिसरी गाडी तुटली नाही, पण सारखी डावीकडे जायची. दर वेळी भिंतीला. मी चाकं हाताने फिरवून पाहिली. उजवं सैल फिरत होतं, डावं जड.

"हे डावं तू बसवलंस?"

"व्हय. चांगलं घट्ट बसवलंय."

"तेच नको होतं."

"आता लाइनीवर ढिलं ऱ्हायलं तर तुमीच वरडता!"

बरोबर होतं तिचं. आमच्या लाइनवर प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा असतो. तिच्या मनगटाला ती सवय झालेली. इथे मात्र अॅक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, प्लास्टिकच्या भोकातून जातो. तिथे बेअरिंग नसतं. दांड्याला नखाएवढी मोकळीक ठेवली नाही तर प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं, तापतं, आणि वेग जास्त असेल तर चक्क वितळतं. आम्ही दोन दांडे असे वाया घालवले. जळक्या प्लास्टिकचा वास ट्रेनिंग रूममध्ये टिकून राहिला आणि सफाईवाल्या मावशी रोज विचारायच्या, कुणाचा डबा जळला म्हणून.

शेवटी जमलं. दोन मोटरी, मध्ये एकच गिअरची जोडी, मागे मोठी चाकं, पुढे अरुंद आणि हलकी. मधल्या ठोकळ्यांतले निम्मे मनीषाने काढून टाकले. मी म्हटलं सांगाडा कमजोर होईल. ती म्हणाली न्हाय व्हनार. आम्ही भांडलो. गाडी पळवून पाहिली. सांगाडा टिकला. गिअरच्या दातांना बोटाच्या टोकाने ग्रीसचा पातळ हात दिला, आणि मग ती गाडी अशी सुटली की मनीषा तिच्यामागे धावली तरी ती तिच्या आधी भिंतीपाशी पोचली.

"मॅडम," ती धापा टाकत म्हणाली, "हिला आता ब्रेक लावा."

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नव्हता, म्हणून ते मिळालं. हॉल लांब, फरशी गुळगुळीत. स्टेजवर नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या तशाच होत्या. त्यांवर पाहुणे बसले. परीक्षक म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजचे एक प्राध्यापक होते, अतिशय नियमाने चालणारे. मला बरं वाटलं होतं.

आमची पहिली फेरी सहज गेली. दुसरीही. समोरच्या गाड्यांना एक तर खूप गिअर होते किंवा खूप वजन. एका कंपनीने तर गाडीवर स्वतःचं बोधचिन्ह ठोकळ्यांनी उभारलं होतं. ते वाऱ्याने डुलायचं.

खरी स्पर्धा एकाच टीमशी होती. इंदापूरकडची पंप बनवणारी कंपनी. त्यांचा फिटर पळसदेवचा, भिसे तात्या. उंच, मिशीवाला, खांद्यावर पंचा. त्यांचा इंजिनिअर कुठेतरी फोनवर होता आणि सगळं तात्याच बघत होते. त्यांची गाडी आमच्याएवढी वेगवान नव्हती. पण एकदम सरळ जायची.

"काय गं निमगावची," तात्या मनीषाला म्हणाले, "पान खाऊन आलीस का? गाडी लई लाल दिसतीया."

"तुमची काळी दिसतीया तात्या. मासं धराया न्हेली व्हती का उजनीच्या धरणात?"

"मासं आता धरनार हाय. फायनलला."

"मग टोपलं आणा मोठं. रिकामंच न्यायचंय."

उपांत्य फेरीत आम्ही जिंकलो. तिकडे तात्याही जिंकले. आता आम्ही दोघंच. फायनलच्या आधी नियमाप्रमाणे तपासणी होती. दोन्ही गाड्यांची वरची झाकणं काढायची, गिअर आणि मोटरी उघड्या ठेवायच्या, परीक्षक येऊन गोंद वगैरे लावलेला नाही हे बघणार. त्यानंतर कुठलाही भाग बदलता येणार नव्हता. फक्त झाकण लावायचं आणि रेषेवर ठेवायची. परीक्षकांनी आमची गाडी बघितली, मान हलवली आणि तात्यांच्या टेबलाकडे गेले. मनीषा झाकण हातात घेणार, तेवढ्यात दारात हलगी वाजायला लागली.

आमचे एमडी साहेब आले होते. त्यांच्या पुढे एचआरचे गोरे, आणि गोऱ्यांच्या हातात कागदी पिशव्या. मागे आमच्याच कंपनीतली पंधरा-वीस माणसं, हलगीवाले, फोटोग्राफर.

मी गोऱ्यांना गाठलं. "पिशव्यांत काय आहे?"

"गुलाल."

"अहो, फायनल व्हायचीय अजून."

"होईल हो. साहेबांना पुण्याला निघायचंय, थांबता येणार नाही. आत्ताच फोटो घेऊन टाकू. जिंकलो की तेच वापरायचे."

"आणि हरलो तर?"

"मॅडम, निगेटिव्ह बोलू नका."

आमच्याकडे हे असंच चालतं. सोसायटीची निवडणूक असो, सरपंचाची असो, अर्धी मोजणी झाली की गुलालाची पोती फुटतात. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी निकाल आधी साजरा करायचा आणि मग लागू द्यायचा. मी हे आयुष्यभर बघत आले होते. फक्त माझ्या गिअरबॉक्सवर होताना बघितलं नव्हतं.

मनीषा माझ्याहून चलाख. तिने पिशव्या पाहिल्या आणि ओढणी काढून सरळ गाडीवर टाकली. पलीकडच्या टेबलावर तात्यांनी खांद्यावरचा पंचा आपल्या गाडीवर अंथरला होता आणि वर हात ठेवून उभे होते.

"तात्या, तपासू द्या," परीक्षक म्हणाले.

"ह्यांचं साहेब गेलं की उघडतो," तात्या म्हणाले. "मी कुटं पळून चाललोय?"

एमडी साहेब आमच्या टेबलापाशी आले. भला माणूस. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं त्यांनी वाईट हेतूने केलं नाही. त्यांनी हात जोडले, माझं अभिनंदन केलं, मनीषाचं केलं. मग विचारलं, "गाडी कुठंय?"

"सर, गाडी उघडी आहे," मी म्हटलं. "गिअर उघडे आहेत. त्यावर काही पडायला नको."

हलगी एवढी वाजत होती की मी ओरडूनच बोलत होते. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. फोटोग्राफर म्हणाला, "ओढणी बाजूला करा, गाडी दिसत नाही." गोऱ्यांनी ओढणी उचलली. मनीषाने ती धरून ठेवली.

"आवं सर, थांबा की! आत ग्रीस हाय!"

"अगं, एक मिनिट, फोटोपुरतं," गोरे म्हणाले आणि ओढणी ओढून घेतली.

नवा ट्रॅक्टर दारात आला की बॉनेटवर गुलाल-कुंकू टाकतात, नारळ फोडतात. एमडी साहेबांचा हात त्याच सवयीने गेला. मूठभर गुलाल त्यांनी आमच्या गाडीवर वाहिला. मग थोडा मनीषाच्या कपाळाला. फोटो निघाले. मग मागच्या माणसांनी उरलेल्या पिशव्या उधळल्या. कार्यालयाचा मॅनेजर धावत आला आणि फरशीला डाग पडतील म्हणून ओरडायला लागला. साहेबांनी मला "ऑल द बेस्ट" म्हटलं आणि ते गेले. हलगी त्यांच्यामागून बाहेर गेली.

गाडी गुलाबी झाली होती.

गुलाल नुसता कोरड्या गिअरवर पडला असता तर फुंकर मारून निम्मा उडाला असता. आमच्या गिअरवर ग्रीस होतं. ग्रीसमध्ये भुकटी बसली की तिचा लेप होतो. स्वस्त गुलाल बोटांत चोळून बघा, किरकिरतो. म्हणजे दातांना वंगण हवं तिथे आता पॉलिश पेपर होता. आणि दांड्यांसाठी ठेवलेली ती नखाएवढी मोकळीक गुलालाने भरली होती.

मी परीक्षकांकडे गेले. "सर, गिअर उघडून धुवायला थोडा वेळ द्या."

"मॅडम, तपासणी झाली. आता भाग सुटे करता येत नाहीत. बाहेरच्या कुणी काही केलं असतं तर मी विचार केला असता. हे तुमच्याच कंपनीने केलं."

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं.

मनीषा ओढणीचं टोक काडीला गुंडाळून गिअरच्या दातांतून गुलाल काढत होती. काढलेल्यापेक्षा जास्त आत जात होता. तिच्या कपाळावरचा गुलाल घामाने नाकावर आला होता.

तात्या येऊन उभे राहिले. गाडीत डोकावले.

"लई वंगाळ झालं," ते म्हणाले. टोमणा नव्हता. मग आपल्या गाडीकडे परत गेले. स्पर्धा होती, त्यांनी दुसरं काय करायचं.

फायनल सुटली. आमची गाडी सुटताच पुढे गेली. निम्म्या हॉलपर्यंत ती तात्यांच्या गाडीच्या चांगली पुढे होती, आणि एक क्षण मला वाटलं, निभावलं. मग आवाज बदलला. माझ्या धंद्यात कान आधी सांगतो. सरसर जाणारा आवाज करकर झाला. मग तो ओळखीचा वास आला. मागचा दांडा तापला होता. गाडी थांबली नाही, पण थकल्यासारखी हळू झाली. तात्यांची काळी गाडी सरळ रेषेत, जराही न चुकता, बाजूने आली आणि पुढे गेली. आमची शेवटच्या रेषेच्या हातभर अलीकडे थांबली. चाक वितळून दांड्याला चिकटलं होतं.

इंदापूरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांच्याकडे गुलाल नव्हता.

मनीषाने गाडी उचलली, उलटी केली, चाक हलवून पाहिलं. "गेलं," म्हणाली. मग गाडी खोक्यात ठेवून खोकं बंद केलं.

सोमवारी कंपनीच्या गेटवर फ्लेक्स होता. एमडी साहेब हसताना, मनीषा कपाळाला गुलाल लावून, मध्ये गुलाबी गाडी. वर मोठ्या अक्षरांत 'घवघवीत यश'. खाली पाटणकर, गोरे आणि इतर शुभेच्छुकांचे गोल फोटो. कितवा नंबर, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात आढावा मीटिंग झाली. एमडी साहेबांनी विचारलं, "फायनलला काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत पाटणकर म्हणाले, "गिअरबॉक्समध्ये प्रॉब्लेम आला, सर."

"गिअरबॉक्समध्ये?" साहेब माझ्याकडे बघून हसले. "आपण गिअरबॉक्सच बनवतो ना, मॅडम?"

सगळे हसले.

"सर, गिअरबॉक्समध्ये गुलाल गेला होता," मी म्हटलं.

साहेबांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा त्यांनी समोरचा पेन उचलला आणि खाली ठेवला. "ओके," म्हणाले. "पुढचा मुद्दा."

मीटिंगनंतर पाटणकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काय गरज होती?"

"खरं होतं ते. आणि मनीषाच्या जागेचं काय?"

"कसली जागा?"

"कँटीनमध्ये शब्द दिला होतात."

"मी शब्दाचा पक्का आहे, मॅडम. पहिल्या आलात तर, असं म्हटलं होतं. त्या दुसऱ्या आल्या."

"कशामुळे आल्या, ते तुम्हाला माहीत आहे."

"ते मी वर कसं सांगू? साहेब, तुमच्यामुळे हरलो, म्हणून ही जागा द्या, असं?" ते खुर्चीत मागे रेलले. "भावनिक होऊ नका. मीही तिच्यासाठी प्रयत्न केला असता. पण काही निमित्त तर हवं."

मी जागेसाठी लेखी शिफारस पाठवली. पोचली, एवढंच उत्तर आलं.

मनीषा स्वतः एचआरला गेली. मी बरोबर होते. तिने गोऱ्यांना सरळ विचारलं.

"सर, माझ्या जागंचं काय झालं?"

"अगं, अट होती ना पहिल्या नंबरची."

"मग गेटावर कशाचा फोटू लावलाय?"

"तो कंपनीच्या यशाचा आहे."

"म्हंजी कंपनी जिकली अन् मी हारले?"

गोऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मदतीला गेले नाही.

"आसं करा मग," मनीषा म्हणाली, "त्या फोटूतलं माझं त्वांड तेवढं कापून द्या. जिकनाऱ्यात ते कशापायी?"

"मनीषा, तू उगाच मनाला लावून घेतेस."

"मी न्हाय लावून घेतलं, सर. तुमीच लावला. कपाळाला."

ती उठून गेली. फ्लेक्स पाऊस सुरू होईपर्यंत गेटवर होता.

ठेकेदार बदलला. असेंब्लीच्या जुन्या बायकांना नव्या ठेकेदाराने घेतलं नाही. त्याने आणलेल्या मुली चांगल्या होत्या, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. त्यांना शिकवायला मात्र कुणी नव्हतं. गिअरबॉक्स गळून परत यायला लागले. मग मीच लाइनवर उभी राहून शिकवू लागले, डिझाइनचं काम बाजूला ठेवून. याचा कंपनीला काय खर्च पडला ते मी मीटिंगमध्ये मांडलं. पुढचा मुद्दा घेण्यात आला.

मी मनीषासाठी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. तात्यांच्या पंप कंपनीतही. तात्यांनी खरोखर प्रयत्न केला, फोन करून मला सांगितलं. पण तिथेही ठेकेदारच होता, आणि त्याला विशीतल्या मुली हव्या होत्या. जेजुरीकडे एक जागा निघाली, पगार बरा, पण रोज जाऊन-येऊन करणं अशक्य. मुलीची परीक्षा होईपर्यंत तिने खोली ठेवली. मग सोडली. मुलगी आता निमगावच्या शाळेत जाते. शाळा वाईट नाही. पण सुटली की घरी यावं लागतं, आणि घरी मळा असतो.

मी मध्ये एकदा फोन केला. मागे बायकांचे आवाज येत होते.

"काय चाललंय?"

"पानं खुडतीय मॅडम. गड्डी लावायची, गड्ड्यांचा डाग, म्हंजी गठ्ठा, बांधायचा, गाडीत टाकायचा. तुमच्या लाइनीवानीच हाय. फकस्त हितं सुपरवायझर सासू हाय."

"आणि मुलगी?"

"ती बी खुडतीय." मग म्हणाली, "हात चांगला चालतो तिचा. माझ्यावर गेलीया."

मी फोन ठेवला.

यंदा पुन्हा स्पर्धेचं पत्रक आलं. गोऱ्यांनी मला टीम करायला सांगितलं. मी म्हटलं, करते, पण निकाल लागेपर्यंत कंपनीचं कुणीही हॉलमध्ये येणार नाही. ते म्हणाले, मग साहेबांचे फोटो कसे निघणार? मी म्हटलं, नाही निघणार. आमच्या कंपनीने यंदा भाग घेतलेला नाही. ठोकळ्यांचं खोकं ट्रेनिंग रूमच्या कपाटात आहे. टेक्निशियनची ती पर्मनंट जागा अजून भरलेली नाही.

लाइनवरच्या नव्या मुलींना मी दोन गोष्टी शिकवते. गिअरबॉक्स उघडा ठेवून जागेवरून हलायचं नाही. आणि साहेबाने शब्द दिला, तर त्याच दिवशी तो त्याच्या सहीने मागून घ्यायचा. पहिली गोष्ट त्या लगेच करायला लागतात. दुसरी आजवर एकीनेही केलेली नाही.